पपई कशी उठते

दोन वर्षं मी हिंगोलीत मुलींना युनिक्स शिकवलं, आणि त्या दोन वर्षांत युनिक्स चालणारं एकही यंत्र मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. हे कबूल करायला आता काही वाटत नाही. तेव्हाही फारसं वाटत नव्हतं. इतिहासाच्या बाईंनी तरी पानिपत कुठे पाहिलेलं असतं?

जिल्हा नुकताच झाला होता आणि नव्या जिल्ह्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. माझा क्लास पिठाच्या गिरणीच्या वर, एका लांबट खोलीत होता. पाच साधे कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक फळा. टायपिंग, अर्ज, तक्ते वगैरे त्या पाचांवर भागायचं. पण परीक्षा मंडळाच्या वरच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिमचा एक पेपर होता आणि तो सगळा युनिक्सवर होता. आमच्या पाच यंत्रांवर युनिक्स नव्हतं. मी नांदेडहून एका पुस्तकाची झेरॉक्स आणली. ती झेरॉक्सचीच झेरॉक्स होती. काही पानांवर अक्षरं इतकी फिकट की उन्हात धरून वाचावी लागत. त्यातून मी शिकले आणि फळ्यावर शिकवलं.

फळ्याच्या कोपऱ्यात मी 'लॉगिन' लिहायची. मुलीने पुढे यायचं, खडूने आपलं नाव लिहायचं. मग मी खाली 'पासवर्ड' लिहायची. पासवर्ड टाइप करताना दिसत नाही, असं पुस्तकात स्पष्ट होतं. म्हणून मुलीने फळ्यापासून दोन बोटं अंतर ठेवून हवेत खडू फिरवायचा. तिने फिरवला की मागच्या बाकावरून आवाज यायचाच, "म्याडम, हिचा पासवर्ड दिसला मला! 'चिवडा' हाय!" मग पासवर्ड बदलण्याचा धडा तिथेच घ्यावा लागे, पुन्हा हवेतच.

मुलींचा लाडका धडा म्हणजे यंत्र कसं उठतं. पुस्तकात त्याला 'बूट' म्हटलेलं होतं. बटण दाबलं त्या क्षणी यंत्राला काहीच माहीत नसतं. आपल्या पोटात युनिक्स आहे हेसुद्धा नाही. एका चिपमध्ये कायमचा बसवलेला छोटासा प्रोग्राम तेवढा जागा होतो. त्याला येतं फार थोडं: मेमरी तपासायची, काय काय जोडलेलं आहे ते पाहायचं आणि डिस्कच्या अगदी सुरुवातीचा एक तुकडा वाचायचा. त्या तुकड्यातला प्रोग्राम जरा मोठा. त्याला डिस्कवरची एक ठरावीक फाइल शोधता येते. ती फाइल म्हणजे कर्नल, युनिक्सचा गाभा. कर्नल मेमरीत येऊन बसला की सगळा कारभार त्याचा. तो फक्त एकच काम सुरू करतो, त्याला नंबर एक देतो, आणि तो नंबर एक बाकी सगळ्यांना उठवतो. सगळे उठले की स्क्रीनवर 'लॉगिन' येतं.

"म्हंजे म्याडम," माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "लहान्यानं मोठ्याला उठवायचं, आन् मोठं उठलं की लहान्याला कोनी इचारायचं न्हाई."

"बराबर," मी म्हटलं. तिच्या तोंडून आलं की मलाही धडा नीट कळायचा. ही मुलगी औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका तांड्यावरून रोज एस्टीने यायची. आवाज खणखणीत, डोकं त्याहून खणखणीत. क्लासमध्ये तिला सगळ्या 'तांडेल' म्हणायच्या, कारण सगळ्यांना हाकायचं काम तिच्याकडे होतं.

उठताना यंत्र जे जे लिहितं त्या ओळी मी फळ्यावर उतरवल्या होत्या. मुली त्या पाढ्यांसारख्या म्हणायच्या, एका सुरात. अर्थ निम्म्यांना कळायचा.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खाली गिरणी असल्यामुळे आमच्या खोलीत सतत पीठ उडायचं. कॉम्प्युटरच्या डब्यांवर कापड टाकता येतं. कीबोर्डच्या कळांमध्ये मात्र पीठ जायचं, त्यात बोटांचा घाम मिसळायचा आणि सहा महिन्यांत कळांखाली कणीक तयार व्हायची. एकदा मी एक कीबोर्ड उघडला तर त्यातून अर्धी पोळी झाली असती. तेव्हापासून नियम केला: कीबोर्ड लोखंडी कपाटात, कुलपात. सकाळी यंत्रं कीबोर्डशिवायच सुरू करायची. साधा कॉम्प्युटर कीबोर्ड नसला की तक्रार करतो, पण ती तक्रार बंद करायची सोय असते. मी ती पहिल्याच दिवशी बंद केली होती. स्क्रीन उजळली की मुलीने हात धुवून यायचं, मी विचारीन त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि मगच कपाटातून कीबोर्ड मिळायचा. या नियमाने कीबोर्ड वाचले आणि मुलींचा अभ्यासही झाला. मला या नियमाचा फार अभिमान होता.

असं सगळं छान चाललेलं असताना परीक्षा मंडळाचं पत्र आलं. ज्या केंद्रावर युनिक्सचं चालू यंत्र नसेल, तिथे यंदापासून या पेपरची परीक्षा होणार नाही. येत्या गुरुवारी परीक्षक पाहणीला येतील. यंत्र नसल्यास विद्यार्थ्यांनी नांदेडच्या केंद्रावर जावे.

नांदेडला परीक्षा म्हणजे दोन दिवस, म्हणजे मुक्काम. माझ्या वर्गात अकरा मुली होत्या. मी पत्र वाचून दाखवलं आणि कुणाकुणाला नांदेडला पाठवतील ते विचारलं. दोन हात वर झाले. शिरड शहापूरची एक मुलगी म्हणाली, "म्याडम, मी घरी इचारूनच न्हाई राहिले. इचारलं तर हिंगोलीबी बंद व्हईल."

तांडेल म्हणाली, "बाबानं सांगितलं हाय. एस्टी सकाळी जाती आन् संध्याकाळी आणून सोडती, तितलंच शिक्षण."

मी त्याच दुपारी एसटीडी बूथवरून औरंगाबादला माझ्या भावाला फोन लावला. तो एका इंजिनियरिंग कॉलेजात कारकून होता. त्यांच्या अडगळीत एक जुनं वर्कस्टेशन पडलेलं होतं, असं तो मागे कधीतरी बोलला होता. वर्कस्टेशन म्हणजे इंजिनियर लोकांनी नकाशे आणि आकडेमोड करण्यासाठी वापरायचं तगडं यंत्र. एके काळी त्याच्यासाठी वेगळी थंड खोली होती. आता नवीन आली होती आणि जुन्याला लिलावातही कुणी विचारलं नव्हतं. "घेऊन जा," भाऊ म्हणाला, "प्राचार्यांची सही मी घेतो. त्यांना ती जागा झेरॉक्स मशीनला पाहिजे."

योगायोगाने आमच्या गिरणीवाल्या मामांचा नवीन चक्कीचा दगड औरंगाबादहून टेम्पोने यायचा होता. त्याच टेम्पोत शुक्रवारी आमचं वर्कस्टेशन आलं. डबा मिठाईच्या मोठ्या खोक्यासारखा चपटा. मॉनिटर मात्र असा, की चौघांनी जिना चढवला आणि मामा दोनदा म्हणाले, "ताई, चुकून माहा दगड तं वर नेऊन न्हाई राहिलो ना?"

सोबत कीबोर्ड होता, साध्या कीबोर्डपेक्षा रुंद, डाव्या हाताला जादा कळांची एक रांग असलेला. तो मी पुसला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शनिवारी सकाळी अकरा मुली आणि मी डब्याभोवती उभ्या राहिलो. बटण दाबलं. पंख्याचा घोंगावणारा आवाज सुरू झाला. डिस्क किणकिणली. सगळ्यांनी एका सुरात पहिली ओळ म्हणायला सुरुवात केली. स्क्रीन काळी. दुसरी ओळ म्हणून झाली. स्क्रीन काळी. चौथ्या ओळीला सूर विरला.

"उजाडून काहून न्हाई राहिलं?" तांडेल म्हणाली.

आम्ही बंद केलं, चालू केलं. वायरी काढल्या, घट्ट बसवल्या. मॉनिटर दुसऱ्या प्लगला लावला. मॉनिटरचा हिरवा दिवा लागायचा आणि स्क्रीन मात्र तव्यासारखी. रविवार असाच गेला. सोमवारी मी नांदेडच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने दोन प्रश्न विचारले आणि निदान केलं, "मॅडम, मॉनिटरची ट्यूब गेली. भंगारात टाका." भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "आमच्याकडे चालत होतं तेव्हा चालत होतं." सरकारी माणूस.

कीबोर्ड कपाटातच होता. स्क्रीन उजळल्याशिवाय कीबोर्ड बाहेर काढायचा नाही हा नियमच होता, आणि स्क्रीन उजळत नव्हती.

मंगळवारी सकाळी गिरणीवाले मामा वर आले. तीन दिवस वरून "चालू कर, बंद कर" ऐकून त्यांचाही जीव कासावीस झाला होता. अंगावर पीठ, भुवयांवर पीठ. त्यांनी डब्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून ऐकलं.

"मोटर तं चालू हाय."

"ती चालू आहे, मामा. स्क्रीनवर काही येत नाही."

"पट्टा सुटला असता तं आवाज येगळा आला असता. हे बराबर फिरून राहिलं." त्यांनी हात काढला. "आतमंदी दळून राहिलं ताई हे. दळण पडून कुठं राहिलं, तेवढं पाहा. डबा बराबर ठिकाणी ठेवला न्हाई का, तं पीठ खालीच सांडते. मंग बाया म्हणतात, मामा, चक्की बिघडली तुमची."

दळण पडतंय, पण दुसरीकडे. यंत्र लिहितंय, पण स्क्रीनवर लिहीत नाही. कुठे लिहितंय?

"पोरींनो," मी म्हटलं, "यंत्राचे संदेश स्क्रीनवर न जाता दुसरीकडे कधी जातात?"

हा प्रश्न मी दोन वर्षांत शंभर वेळा विचारला असेल. दोन मार्कांचा होता. अकरा मुलींनी एका श्वासात उत्तर दिलं, "कीबोर्ड न सापडल्यास यंत्र आपले सर्व संदेश मागील बाजूच्या सिरियल पोर्ट 'ए'कडे पाठवते!"

आणि मग बाराही जणींच्या माना एकदम लोखंडी कपाटाकडे वळल्या.

सगळ्यात आधी शिरड शहापूरची मुलगी हसली. मग हसण्याचा असा काही लोंढा आला की एक मुलगी जमिनीवरच बसली. तीन दिवस ते बिचारं यंत्र प्रत्येक वेळी नीट जागं होत होतं, आपलं सगळं म्हणणं अगदी शिस्तीत मागच्या रिकाम्या भोकातून भिंतीला सांगत होतं, आणि आम्ही पुढे उभ्या राहून तेच पाठ म्हणत होतो. मामांना काही कळलं नव्हतं, पण तेही हसत होते.

"म्याडम, किल्ली!" तांडेल ओरडली. "आज प्रश्न इचारू नका!"

यंत्र बंद केलं. कीबोर्ड लावला. बटण दाबलं. कीबोर्ड 'टुक' असं बोलला आणि स्क्रीन पांढरी झाली. पांढरीशुभ्र, आणि तिच्यावर काळी अक्षरं. आमचे पाच कॉम्प्युटर काळ्यावर पांढरं लिहायचे. हे वहीच्या पानासारखं. मुलींनी अशी किंकाळी फोडली की खाली एक बाई दळण सोडून जिन्यात आली.

मेमरी मोजून झाली, आणि पुढे भलतंच सुरू झालं. फळ्यावर नसलेली एक ओळ आली. पुन्हा तीच आली. पुन्हा तीच. उत्तराची वाट पाहिली, उत्तर आलं नाही, असं काहीतरी ती म्हणत होती. मी झेरॉक्स उन्हात धरली. यंत्रातली छोटी बॅटरी कधीच मेली होती. त्या बॅटरीवर यंत्र दोन गोष्टी लक्षात ठेवायचं: आपण कोण, आणि आपण कुठून उठायचं. दोन्ही विसरल्यामुळे ते स्वतःच्या डिस्ककडे न बघता नेटवर्कच्या वायरीतून हाका मारत होतं, की मी कोण आहे ते कुणी सांगता का. कॉलेजात सांगणारं दुसरं यंत्र असेल. इथे ती वायर टेबलाखाली लोंबत होती.

"अन् इथं सांगनार कोन त्याला?" एक मुलगी म्हणाली. "आमी सांगतो, थांब!"

पुस्तकात उपाय होता. डावीकडच्या जादा रांगेतली 'स्टॉप' ही कळ दाबून धरायची आणि 'ए' दाबायचं. मी दाबलं. हाका थांबल्या आणि स्क्रीनवर फक्त दोन अक्षरं आली: ओके.

"ओके म्हनते!" तांडेल म्हणाली. "तीन दिवस आमाला रडवलं आन् आता ओके म्हनून राहिलं."

मी तिला खुर्चीत बसवलं. तिने टाइप केलं 'बूट डिस्क', प्रत्येक अक्षर दाबण्याआधी माझ्याकडे बघत, आणि शेवटची कळ दाबली. एका जागी एक छोटी रेघ गोल गोल फिरू लागली. उभी, तिरपी, आडवी, तिरपी. "चक्की!" मामा म्हणाले. ते अजून गेले नव्हते. चक्की फिरत राहिली आणि मग फळ्यावरच्या ओळी, आमच्या ओळी, एकामागून एक आपोआप पडू लागल्या. मुली म्हणायला लागल्या. यंत्र जुनं होतं आणि मुली तरुण होत्या. त्या प्रत्येक ओळीत पुढे निघून जायच्या, मग थांबायच्या, ओळ आली की टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा पुढे पळायच्या.

मध्येच यंत्राने आपलं नाव सांगितलं. कॉलेजातल्या कुण्या गमत्याने प्रयोगशाळेतल्या यंत्रांना फळांची नावं दिली असावीत. आमच्या यंत्राचं नाव होतं पपई.

त्यानंतर पाच मिनिटं खोलीत नुसता हशा होता.

'लॉगिन' आलं. पासवर्डची चिठ्ठी भावाने डब्याला चिकटवून पाठवली होती. तांडेलने नाव टाइप केलं, आणि पासवर्डची वेळ आल्यावर सवयीने तिचा उजवा हात हवेत उठला, खडू धरल्यासारखा. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने तो हात कीबोर्डवर ठेवला. मी सगळ्यांना एकेकदा बसवलं. बुधवारी आम्ही पपई सात वेळा झोपवली आणि सात वेळा उठवली.

गुरुवारी परीक्षक यायचे होते दहाला; एस्टी उशिरा आल्याने पोचले पावणेबाराला. आमच्याकडे तेव्हा लाईट बाराला जायची ती तीनला यायची. पाच कॉम्प्युटरांसाठी एक युपीएस होता, पण पपईचा मॉनिटर लावला की तो अशी बोंब मारायचा की त्याची आशा सोडून दिली होती.

परीक्षक पन्नाशीचे, सडपातळ, खांद्यावर पंचा, हातात फुगलेली फाइल. खुर्चीत न बसता थेट पपईसमोर उभे राहिले. स्क्रीनवर लॉगिन होतं.

"हे चालू आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"सुरू होतं का? चालू असणं वेगळं आणि सुरू होणं वेगळं. मी एका केंद्रावर चालू यंत्र पाहिलं, नंतर कळलं, ते त्यांनी आठ दिवस बंदच केलं नव्हतं. बंद करायची भीती." त्यांनी फाइल बगलेत धरली. "बंद करा आणि उठवून दाखवा. मुलींनी. तुम्ही नाही."

घड्याळात बाराला दहा कमी होते. पपईला उठायला सात-आठ मिनिटं लागायची. तांडेल बसली, पपई शिस्तीत झोपवली, परत बटण दाबलं. टुक झालं, हाका सुरू झाल्या, स्टॉप आणि ए, ओके, बूट डिस्क. चक्की फिरू लागली.

"आता पुढे काय येईल?" परीक्षकांनी विचारलं.

मुलींनी सुरात सांगितलं: गाभा आला, त्याने स्वतःची ओळख दिली, मग नेटवर्क जुळवलं, मग यंत्राने आपलं नाव सांगितलं, मग डिस्कची तपासणी.

"चूक," परीक्षक म्हणाले. "आधी डिस्कची तपासणी, मग नाव."

मी काही बोलणार, तोच तांडेल खुर्चीतूनच वळली. "न्हाई, सर. आधी नाव."

"मी हे आठ वर्षं शिकवतोय, बाळ."

"व्हय सर. पर आमी काल सात बारी पाह्यलं. आधी पपई म्हनते, मी पपई. मंग तपासनी."

"घर झाडल्याशिवाय दारावर पाटी लावतात का?"

"आमच्या तांड्यावर लावतात," ती म्हणाली. मी डोळे मिटून घेतले.

"बघू. यंत्रच सांगेल," परीक्षक म्हणाले, आणि स्क्रीनवर गाभ्याची ओळख आली, नेटवर्कची ओळ आली, आणि लाईट गेली.

चक्की खाली थांबली. पंखा थांबला. पपई थांबली. अकरा मुली आणि परीक्षक काळ्या स्क्रीनकडे बघत होते. बाराला तीन कमी होते. लाईटवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही वेळेआधी केलं होतं.

"आता तीनला येईल, सर," मी म्हटलं. "तुमची पुढच्या पाहणीची, वाशिमची गाडी?"

"दीडची." त्यांनी फाइल उघडली, फॉर्म काढला, पेन काढलं. फॉर्मवर एकच ओळ महत्त्वाची होती: यंत्र परीक्षकासमोर सुरू झाले, होय किंवा नाही. ते त्या ओळीकडे बघत राहिले. तांडेल खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात अजून कीबोर्डवर. मी मनात हिशेब करत होते की नांदेडला जाणाऱ्या दोघींसाठी कुणाला सोबत पाठवता येईल, आणि बाकी नऊ जणींना काय सांगायचं.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

"तुम्हाला म्हणून सांगतो, मॅडम," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, पण त्या खोलीत खालचा आवाज कुठे लपतो, "मी पण फळ्यावरच शिकवतो. आमच्या केंद्रावर यंत्र आहे; आलं तेव्हापासून बंद आहे. मी हे उठताना आज पहिल्यांदा बघत होतो. आणि नेमकं…" त्यांनी छताकडे हात केला. "मी थांबतो. वाशिम उद्या."

अकरा मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. ज्याला आम्ही इतके दिवस घाबरत होतो, तो माणूस आमच्यासारखाच निघाला होता. कुणीतरी फुसकन हसलं, मग मीही हसले, आणि मग परीक्षकांनीही पंच्याने तोंड पुसत हसून घेतलं.

तीन तास कसे गेले कळलं नाही. मुलींनी डबे उघडले, परीक्षकांना ठेचा आणि ज्वारीची भाकरी दिली. त्यांनी फळ्यावर आपल्या पद्धतीने क्रम लिहिला, तांडेलने शेजारी आमच्या पद्धतीने लिहिला. त्यांनी पासवर्ड कसा शिकवता ते विचारलं, आम्ही दाखवलं. ते म्हणाले, "हवेत? वा! आम्ही मुलांना डोळे मिटायला लावतो." मामा दोनदा वर येऊन विचारून गेले, "आली का लाईट?" जणू ती आम्हालाच आधी कळणार होती.

तीन वाजून गेले. सव्वातीनला पंखा हलला. तांडेल खुर्चीतून उठली आणि खुर्ची परीक्षकांकडे सरकवली. "सर, तुमीच दाबा."

त्यांनी हात धुतले. कुणी सांगितलं नव्हतं. मुलींना हात धुवून बसताना पाहिलं असावं. बटण दाबलं. टुक. पांढरं पान. हाका सुरू झाल्यावर ते घाबरून माझ्याकडे वळले आणि अकरा जणी एकदम ओरडल्या, "स्टॉप अन् ए!" ओके आलं. बूट डिस्क त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं. चक्की फिरली. गाभा आला, नेटवर्क आलं.

आणि मग आलं: पपई.

जो आरडाओरडा झाला त्यात तपासणीची ओळ कुणाला दिसलीच नाही. ती नंतर आली होती. मधेच वीज गेल्यामुळे डिस्कवर काहीतरी अर्धवट राहिलं होतं, आणि पपई एकेक गोष्ट विचारत होती, हे दुरुस्त करू का, ते दुरुस्त करू का. परीक्षक प्रत्येक वेळी मोठ्याने "हो" म्हणत आणि मग कळ दाबत. लॉगिन आल्यावर त्यांनी फाइलमधून स्वतःच्या टिपणांची वही काढली, दोन ओळींवर बाण ओढून त्यांचा क्रम बदलला आणि तांडेलला दाखवला.

"बराबर?"

"आता बराबर, सर."

मग त्यांनी फॉर्मवर 'होय' लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि साडेचारच्या परतीच्या गाडीला जायला निघाले. खाली मामांनी त्यांचे खांदे झटकले, पीठ पडलं म्हणून, आणि उलट आणखी पाडलं.

मी कपाटातून अकरा परीक्षा अर्ज काढून वाटले. केंद्राच्या रकान्यात 'नांदेड' असं छापूनच आलं होतं. ते खोडून शेजारी 'हिंगोली' लिहायचं होतं. मी म्हटलं, आधी पेन्सिलीने लिहा, खाडाखोड नको. कुणी ऐकलं नाही. सगळ्यांनी पेनानेच खोडलं, आणि तांडेलने तर इतक्या जोरात की अर्जाला भोक पडलं.

"म्याडम, दुसरा अर्ज असंल का?"

"नाही. चिकटपट्टी लाव."

"अन् सही? बाबाची लागंल?"

"तुझीच," मी म्हटलं. "तुझी एस्टी पाच वीसची आहे. लवकर कर."